गेमिंग की ऑफिस?

मी सॉफ्टवेअर सिंथेसायझर का वापरतो, असं कोणी विचारलं की मी ध्वनीचा पोत, स्वरांच्या छटा, शक्यतांचं आकाश असं बरंच काही बोलतो. खरं कारण माझ्या कमरेतल्या चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधे आहे. दोन कीबोर्ड, दुमजली स्टँड, सस्टेनची पेडलं, वायरींची पिशवी आणि अडॅप्टरांची वेगळी पिशवी एवढा संसार घेऊन जो लिफ्ट बंद असलेल्या मंगल कार्यालयाचा दुसरा मजला चढला आहे, त्याला ध्वनीच्या पोताबद्दल काही वाटत नाही. त्याला आयोडेक्सबद्दल वाटतं.

आता ती सगळी वाद्यं हवेत विरघळली आहेत. १९७० सालचा मिनीमूग, १९८३ सालचा यामाहाचा डीएक्स-सेव्हन, रोलँडचा ज्युपिटर-एट, हॅमंडचा ऑर्गन, भला मोठा ग्रँड पियानो. ज्यांची नावं मी उमेदीच्या वयात नुसती जपासारखी म्हणायचो, ती सगळी मंडळी आता एका सॅकमध्ये बसून माझ्या स्कूटरवरून टिळक स्मारकला येऊ शकतात. सॅकमधला तो लॅपटॉप कुठला असावा, एवढंच ठरवायचं होतं. गेला अख्खा पावसाळा त्यात गेला.

इथे एक खुलासा. मी दिवसा एका पतसंस्थेत हिशेब बघतो. हे मी स्टेजवर सांगत नाही. स्टेजवर निवेदिका "आणि कीबोर्डवर आहेत..." असं म्हणते तेव्हा मी मान किंचित झुकवतो आणि कपाळावरचे केस मागे सारतो. केस होते तेव्हाची सवय आहे. पण त्या अडीच तासांत मला कोणी व्हाउचर विचारत नाही, कोणी "साहेब, माझं व्याज एवढंच कसं?" म्हणत नाही. म्हणूनच त्या अडीच तासांत माझ्यासमोर जे यंत्र असेल ते हिशेबाचं वाटता कामा नये, हा माझा पहिला निकष होता. दुकानात तो सांगायची सोय नव्हती.

"सर, ऑफिस यूज की गेमिंग?" काउंटरवरच्या मुलाने विचारलं.

"लाइव्ह परफॉर्मन्स," मी म्हणालो. आवाज थोडा खर्जात लावून.

"म्हणजे?"

"गाणं. स्टेजवर."

"गाणी काय सर, सगळ्यांवरच वाजतात," असं म्हणून त्याने जवळच्या लॅपटॉपवर एक गाणं फुल आवाजात लावून दाखवलं. शिवाय "स्पीकर चांगला आहे" म्हणाला.

मी त्याला लेटन्सी समजावून सांगायचा प्रयत्न केला. तेवढ्यात एक गेमिंगवाला आला आणि मुलाचा चेहरा फुलला. तेव्हा त्याला जे सांगायचं राहिलं ते इथे सांगतो. ज्यांनी कधी पंगतीत वाढलं आहे त्यांना ते चटकन कळेल.

आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० शितं. ती पानात अखंड पडत राहिली पाहिजेत. प्रोसेसर हा आचारी आणि बफर म्हणजे वाढप्याच्या हातातलं भांडं. भांडं लहान घेतलं, १२८ शितांचं, तर भात तीन मिलिसेकंदांत पानावर येतो, पण वाढप्याला सेकंदाला साडेतीनशेच्या आसपास फेऱ्या पडतात. भांडं १०२४ शितांचं घेतलं तर फेऱ्या त्रेचाळीसच, वाढपी निवांत. पण भात यायला तेवीस मिलिसेकंद लागतात आणि तोवर पाहुण्याने वरण पिऊन टाकलेलं असतं. म्हणजे मी पट्टी आता दाबली आणि सूर जरा वेळाने आला. हीच ती लेटन्सी. बरं, लहान भांडं घेतलं आणि एखाद्या फेरीला वाढपी पोचलाच नाही, तर पान रिकामं. स्पीकरमधून ऐन अंतऱ्यात 'फट्' असा आवाज येतो तो हा. प्रत्येक कार्यालयात दाराशी एक आजोबा बसलेले असतात आणि धावत्या वाढप्याला अडवून ते विचारतात, "तू कोणाचा रे? गोखल्यांच्यातला का?" विंडोजमध्ये त्या आजोबांना वाय-फायचा ड्रायव्हर म्हणतात. कधी कधी शेजारी ग्राफिक्स कार्डाचे आजोबाही असतात. प्रोसेसर कितीही महागाचा घ्या, आजोबा दारात असतील तर पान रिकामं राहणार.

"बारा कोअर आहेत सर," असं दुकानदार सांगतो तेव्हा तो बारा आचारी असल्याचं सांगतो. पण माझ्या एका वाद्याची फोडणी, भात, मीठ, तूप हे सगळं एकापाठोपाठ एक, एकाच आचाऱ्याला करावं लागतं. बाकीचे अकराजण तंबाखू मळत बघत बसतात. म्हणून एकट्या आचाऱ्याचा हात किती चालतो ते बघायचं. त्यात हल्लीच्या बऱ्याच प्रोसेसरांत काही आचारी तगडे आणि काही वीज वाचवण्यासाठी ठेवलेले असतात. नेमकं पियानोचं काम त्या काटकसरी आचाऱ्याकडे गेलं, की पंगतीचा बोऱ्या वाजतो.

एवढं सगळं मला कळतं, आणि ते मला कळतं हे लोकांना कळावं अशी माझी फार इच्छा असते. पूर्वी मी तालमीला मुद्दाम कपाळाला आठ्या घालून "सहा मिलिसेकंद जास्त वाटतायत" असं म्हणायचो. सगळे आदराने गप्प बसायचे. एकदा साउंडवाल्याने हिशेब मांडला. हवेत आवाज तीन मिलिसेकंदांत साधारण एक मीटर जातो. म्हणजे तबलजी माझ्यापासून चार मीटरवर बसला असेल तर त्याचा 'धा' माझ्या कानी निसर्गनियमाने जवळजवळ बारा मिलिसेकंद उशिरा येतो, आणि त्याबद्दल आजवर कोणी तबलजीला ड्रायव्हर अपडेट करायला सांगितलेलं नाही. तेव्हापासून मी आठ्या घालतो, पण आकडा सांगत नाही.

आकड्यांवरून आठवलं. बर्लिनमध्ये बनणारा 'डिव्हा' नावाचा एक सॉफ्टवेअर सिंथेसायझर आहे. जुन्या यंत्रांच्या आवाजाची नक्कल तो इतकी मनापासून करतो की प्रोसेसरला घाम फुटतो. त्यात अचूकतेच्या पायऱ्या आहेत आणि सर्वांत वरच्या पायरीचं नाव आहे 'डिव्हाइन'. खालच्या आणि वरच्या पायरीतला फरक अकलूजच्या मैदानावर, पत्र्याच्या मंडपात, शेजारी जनरेटर चालू असताना ओळखणारा श्रोता अजून जन्माला यायचाय. डोळे मिटून मलाही ओळखता येत नाही. पण पडद्यावर 'डिव्हाइन' असं लिहिलेलं मला दिसत असतं, आणि ते दिसत असताना मी जरा बरा वाजवतो. माझ्या लॅपटॉपच्या किमतीतले निदान वीसेक हजार रुपये या एका शब्दासाठी खर्च होणार होते.

शास्त्राप्रमाणे मला गेमिंगचाच लॅपटॉप घ्यायला हवा होता. त्याचा प्रोसेसर तगडा असतो आणि तो थंड ठेवायची सोयही दांडगी असते. ही सोय फार महत्त्वाची. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो, आणि एप्रिलमधल्या सोलापुरात त्याला तिथवर पोचायला गाण्याचीही गरज लागत नाही. पण गेमिंगच्या लॅपटॉपची थंड व्हायची रीत म्हणजे पंखे. गायिका षड्जावर स्थिर होते, सभागृह श्वास रोखून धरतं, आणि त्या शांततेत माझ्या पुढ्यातून विमानतळ ऐकू येतो. आणि ते दिवे! प्रत्येक बटणाखाली रंगीत दिवा, लाल-हिरवा-जांभळा फिरत राहणारा. भाचा म्हणाला, "काका, ते बंद करता येतात." दिवे बंद करता येतात, पण मागची बाजू? राक्षसाचा मुखवटा म्हणा, नखं म्हणा, असलं काहीतरी झाकणावर कोरलेलं असतंच. अभंगवाणीच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत ज्येष्ठ नागरिक संघ बसलेला असतो. त्यांच्याकडे तोंड करून मी ते राक्षसाचं झाकण उघडायचं?

झाकण हा विषय निघालाच आहे तर मनातलं सांगून टाकतो. लॅपटॉपचा पडदा वादकाकडे असतो आणि झाकण प्रेक्षकांकडे. प्रेक्षकांच्या दृष्टीने लॅपटॉप म्हणजे झाकणच. ज्या काळात मी परदेशी वादकांचे कार्यक्रम पडद्यावर बघत बसायचो, त्या काळात त्या सगळ्यांच्या झाकणांवर पांढरं सफरचंद उजळलेलं असायचं. काळोखात फक्त वादकाचा चेहरा आणि ते सफरचंद. कुठली कॉर्ड, कुठला सिंथ, माझं लक्षच नसायचं. मला ते सफरचंद हवं होतं. तांत्रिक कारणं नंतर गोळा केली, आणि ती भरपूर सापडली. त्या यंत्रात आवाजाची व्यवस्था मूळ घडणीतच चांगली, ड्रायव्हर शोधत हिंडायला नको. 'मेनस्टेज' हे खास स्टेजसाठी केलेलं सॉफ्टवेअर फक्त त्याच्यावरच चालतं. २०२० च्या अखेरीला आलेल्या नव्या चिपा कमी तापतात, आणि पातळ मॉडेलला तर पंखाच नाही. गायिकेचा षड्ज सुखरूप. पंखा नसल्यामुळे उन्हात लांबलेल्या कार्यक्रमात ते दमतं, हे वाक्य मी वाचलं आणि पान उलटलं.

मग कळलं की उजळणारं सफरचंद २०१५-१६ पासूनच नव्या मॉडेलांतून काढून टाकलेलं आहे. आता नुसता आरसा असतो सफरचंदाच्या आकाराचा. उजेड बाहेरून पडला तर चमकतो. लाखाच्या वर पैसे मोजायचे आणि प्रकाशयोजनेवाल्याच्या मर्जीवर राहायचं.

"अहो, पण तुम्हाला वाजवायचंय की दाखवायचंय?" बायकोने विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही, आणि देणारही नाही, कारण प्रश्न चुकीचा आहे. दाखवल्याशिवाय वाजवलेलं ऐकू येत नाही, हे मी वाद्यवृंदात अर्धं आयुष्य काढून शिकलो आहे. कार्यक्रम संपल्यावर माणसं भेटायला येतात. गायिकेला सांगतात, "अंगावर काटा आला." तबलजीला सांगतात, "काय हात आहे!" मग माझ्याकडे येतात, लॅपटॉपकडे बघतात आणि समजूतदारपणे विचारतात, "ट्रॅक लावला होता ना?" दोन्ही हात, दोन्ही पाय, मान आणि भुवया वापरून मी जे वाजवलं ते त्यांच्या मते लावलं होतं. पूर्वी कीबोर्ड होता तेव्हा निदान "कॅसिओ छान वाजवता" असं तरी म्हणायचे. तो कॅसिओ नव्हता, पण वाजवणारा मी होतो.

आणि सांगतो, इलेक्ट्रॉनिक आवाजाचं आपल्या लोकांना कधीही वावडं नव्हतं. 'नागिन' घ्या. १९५४ सालचा सिनेमा, संगीत हेमंतकुमारांचं. त्यातली बीन या देशातली सर्वांत प्रसिद्ध बीन आहे, आणि ती बीन नाही. ते क्लॅव्हायोलिन नावाचं विजेवर चालणारं वाद्य आहे. कॉन्स्टंट मार्टिन नावाच्या फ्रेंच माणसाने १९४७ साली ते काढलं. तीन सप्तकांची छोटीशी पट्टी, पियानोच्या कडेला अडकवायची. आत रेडिओत असायचे तसे व्हॉल्व्ह, स्पीकरची पेटी निराळी, आणि आवाज लहानमोठा करायला गुडघ्याने ढकलायचा दांडा. एका वेळी एकच सूर निघतो. दोन पट्ट्या दाबल्या तरी एकच. आमच्या 'नागिन'साठी ते वाजवलं कल्याणजींनी, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतले कल्याणजी झाले त्यांनी. सोबतीला हार्मोनियमवर रवी होते, जे पुढे स्वतः मोठे संगीतकार झाले.

आता बघा. फ्रान्समधून आलेली व्हॉल्व्हची पेटी, वाजवणारा कच्छी माणूस, संगीत देणारा बंगाली, आणि त्यावर सत्तर वर्षं महाराष्ट्रातल्या वराती रस्त्यावर लोळतायत. प्रत्येक वरातीत एक काका असे असतात, की जे एरवी सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून भांडतात, पण ही धून लागली की दातांत रुमाल धरतात आणि गारुडी होतात. मग दुसरे कोणी तरी, बहुधा नवरदेवाचे मेहुणे, नवा सफारी घालून डांबरी रस्त्यावर आडवे होतात आणि नाग होतात. नागाला डुलवण्यासाठी बँडवाला ती धून क्लॅरिनेटवर वाजवतो, म्हणजे क्लॅरिनेट क्लॅव्हायोलिनची नक्कल करते, आणि क्लॅव्हायोलिन पुंगीची नक्कल करत होती. यावर कडी म्हणजे माझ्या लहानपणी आमच्या आळीत यायचा तो गारुडीसुद्धा टोपली उघडल्यावर खऱ्या पुंगीवर हीच धून वाजवायचा. पिढीजात विद्या बाजूला ठेवून तो बिचारा फ्रेंच पेटीची नक्कल करायचा, कारण गिऱ्हाइकाला बीन म्हणजे हेच माहीत होतं. थिएटरात साप निघाल्याच्या कथा तर अजून सांगतात. सापाला बाहेरचे कान नसतात, हे तिथे कोणी विचारात घेतलेलं नाही. तो साप नेमका आला कशाला? माझा अंदाज आहे, तो यंत्र बघायला आला असावा. आख्ख्या थिएटरात यंत्राबद्दल कुतूहल असलेला तो एकटाच. कल्याणजींना मात्र त्या गुडघ्याच्या दांड्याबद्दल कोणी चार शब्द विचारले असतील की नाही कोण जाणे. तसा दांडा माझ्याकडे असता तर मी तो पँटच्या बाहेरून दिसेल असा...

"लॅपटॉपचं काय ठरलं?" बायकोने विचारलं. 'नागिन'बद्दल मी घरी बोलू लागलो की ती हा किंवा गॅस सिलिंडरबद्दलचा प्रश्न विचारते.

थोडक्यात मुद्दा एवढाच, की क्लॅव्हायोलिन स्टुडिओत होती, कोणाला दिसली नाही, म्हणून ती बीन झाली. आपला कान फसायला एका पायावर तयार असतो. डोळा तयार नसतो. १९८२ साली चरणजित सिंग यांनी ज्युपिटर-एट आणि आणखी दोन रोलँड यंत्रं एकत्र जोडून दहा रागांची डिस्को रेकॉर्ड केली. त्या वेळी तिला कोणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा लोक थक्क झाले. सिंग यांनी रेकॉर्डवर 'सिंथेसायझिंग' असं सरळ लिहून टाकलं होतं. यंत्र दाखवायची ही शिक्षा. एवढं बोलून मी हा विषय बंद करतो.

यंत्र दिसल्यावर तिऱ्हाइताला राग येतो तो वेगळा, आणि ज्याची खुर्ची गेली त्याला काय होतं ते वेगळं. आमच्या वाद्यवृंदात पूर्वी तीन व्हायोलिनं होती. मी कीबोर्ड घेऊन आलो तेव्हा दोन राहिली, मग एक. तो एक म्हणजे आमचे व्हायोलिनवाले काका. तरुणपणी ते मुंबईत एका गोवेकर मास्तरांकडे शिकले. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा वाद्यवृंदाची मांडणी करत, तेव्हा व्हायोलिनवाल्यांची फौजच्या फौज स्टुडिओत बसायची, त्या काळाच्या गोष्टी काकांनी मास्तरांकडून ऐकल्या होत्या आणि आम्ही त्या काकांकडून ऐकल्या. सिंथेसायझर आले तशी ती फौज पांगली, आणि पुढे तेच आमच्याकडे छोट्या प्रमाणात झालं. काकांना बंद करायचं असं कोणीही, कधीही ठरवलं नाही. मानधनाच्या यादीतली एक ओळ फक्त पुढच्या यादीत आली नाही. ती यादी मी टाइप करतो. हिशेबाचा माणूस मीच ना.

काका अजून कार्यक्रमाला येतात. तिकीट काढत नाहीत, विंगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात. मध्यंतरात एकदा त्यांनी माझ्या आधीच्या लॅपटॉपच्या पडद्यात डोकावून विचारलं, "हे तुझं व्हायोलिन, कितीजण वाजवतायत?"

"सोळा आहेत काका. व्हायोलिन, व्हायोला, चेलो, बास, सगळे मिळून. लंडनच्या हॉलमध्ये बसवून एकेक सूर रेकॉर्ड केलाय. दर सुराचे कितीतरी प्रकार आहेत, हळू, जोरात, गज वर, गज खाली..."

"सोळा," काका म्हणाले. "आणि चहाला एकही नाही."

मग त्यांनी मला मींड घेऊन दाखवायला सांगितली. मी पिच बेंडचं चाक फिरवलं. सोळाही जण एकदम, शिस्तीत, एका वेळी घसरले. काका हसले नाहीत, नावंही ठेवली नाहीत. "बरं आहे," म्हणाले. त्यांचा डावा हात मांडीवर होता आणि बोटं मघाची मींड आपल्या पद्धतीने घेत होती. मला त्या क्षणी लॅपटॉप मिटावासा वाटला, पण त्यावर सोळा जीबी रॅम भरून पुढचं गाणं उघडलेलं होतं आणि ते पुन्हा लोड व्हायला चार मिनिटं लागली असती. मध्यंतर संपत आलं होतं.

त्यानंतर महागड्या यंत्रांची छायाचित्रं बघताना माझ्या डोक्यात किमतीपुढे मानधनाची यादी यायला लागली. ही हिशेबनिसाची विकृती. दोन रकमांमधली वजाबाकी आपोआप होते. शेवटी बायकोच्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने एक जुना लॅपटॉप घेतला. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप थप्पीने काढून टाकतात, त्यातला. काळा, जाड, एका हाताने उचलला की मनगट बोलतं. पण त्याला यूएसबीची भोकं भरपूर आहेत, डोंगलांचं लटांबर लागत नाही. मागचं झाकण चार स्क्रूंत उघडतं, रॅम वाढवता येते, बॅटरी बदलता येते, आणि पंखा चालतो तो मेहनतीने पण पुटपुटत. मी त्याचं वाय-फाय, ब्लूटूथ, कॅमेरा, सगळे आजोबा एकेक करून घरी पाठवले. सूचनांचे आवाज तर आधी बंद केले. कोल्हापूरच्या माझ्या एका कीबोर्डवाल्या मित्राच्या लॅपटॉपवर भर मैफलीत 'टिंग' वाजलं होतं, आख्ख्या साउंड सिस्टिमवर, आणि नेमकं समेवर. त्याला वाहवा मिळाली आणि तो आता दर कार्यक्रमात घाबरलेला असतो. माझं यंत्र १२८ शितांच्या भांड्यावर अडीच तास एकही पान रिकामं न ठेवता चालतं. 'डिव्हाइन'वर नाही चालत. एक पायरी खाली चालतं. पडद्याच्या त्या कोपऱ्यावर मी सेटलिस्टचा कागद चिकटवला आहे.

विश्वास मात्र अजून बसत नाही. मधेच बंद पडला तर? म्हणून जुना कीबोर्ड मी सोबत ठेवतो. त्याचा अडॅप्टर, त्याचा स्टँड, त्याचं पेडल. शिवाय लॅपटॉप, त्याचा अडॅप्टर, आवाजाची बाहेरची पेटी, यूएसबीचा हब, लॅपटॉप ठेवायचा वेगळा स्टँड, आणि जनरेटरच्या विजेवर घूं घूं होऊ नये म्हणून डीआय बॉक्स. हमालाला देतो तेवढ्या पैशांत पूर्वी मी रिक्षा करायचो.

वाचलेल्या पैशांतून एका मोसमापुरतं काकांचं मानधन निघतं, असं मी वाद्यवृंदाच्या मालकांना कागदावर मांडून दाखवलं. "बघू," ते म्हणाले. स्टेजवर जागा लागेल, माइक लागेल, आणि आता लोकांना तशी सवय राहिली नाही, असंही म्हणाले. ते अजून बघतायत. दर महिन्याच्या यादीत मी काकांचं नाव घालतो आणि मालक ते पेनाने खोडतात. मला वाटतं, त्यांना ते टायपिंगचं दुखणं वाटत असावं.

एक गोष्ट तेवढी राहिली. या लॅपटॉपच्या झाकणावर आधीच्या कंपनीने मालमत्तेची पट्टी चिकटवलेली आहे. चंदेरी, जाड, बारकोडवाली, आणि त्यावर मोठ्या ठळक अक्षरांत विभागाचं नाव: 'अकाउंट्स'. रॉकेल लावून झालं, गरम हवा मारून झाली, नखं गेली. कुठल्या गोंदाने लावली आहे देव जाणे. वर दुसरा स्टिकर चिकटवला तर यंत्राच्या उष्णतेने तो कार्यक्रमातच सोलून पडतो आणि खालून 'अकाउंट्स' परत वर येतं. प्रकाशयोजनेवाला मला खास एक पांढरा झोत देतो, सफरचंदाच्या वेडाच्या काळात मीच मागून घेतलेला. तो बरोब्बर त्या पट्टीवर पडतो.

परवाच्या कार्यक्रमानंतर गर्दी ओसरली तेव्हा एक गृहस्थ थेट माझ्याकडे आले. झाकणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी केस मागे सारले. ट्रॅकबद्दलचं उत्तर जिभेवर तयार ठेवलं होतं.

"मंडपाचं बिल तुमच्याकडेच द्यायचं ना?" त्यांनी विचारलं.

मी बिल उघडून पाहिलं. खुर्च्यांची बेरीज चुकली होती. ती त्यांना दाखवून दिली, ते मनापासून "वा!" म्हणाले, आणि सही करून मी बिल ठेवून घेतलं. माझं पाकीटही मालकांकडून अजून यायचं होतं. म्हटलं, दोन्ही एकदमच मागू.